शर्करेच्या साखळ्या आणि विषमज्वराची लस



कर्बोदके म्हटली की भात, पोळी, बटाटा डोळ्यांसमोर येतात. परंतु शर्करेचे रेणू जोडून बनलेल्या बहुशर्करांचे कार्य अन्नापुरते मर्यादित नाही. ते ठरते रेणूंच्या जोडणीवरून. गव्हाच्या दाण्यातील पिष्ट आणि काडातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच बनलेली. पिष्टातील अल्फा बंध माणसाला तोडता येतात. सेल्युलोजमधील बीटा बंध तोडणारे विकर त्याच्याजवळ नाही. ते गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांजवळ असते. म्हणून दाणा माणसाचा आणि काड गुरांचे.

साठवण आणि आधार यांखेरीज शर्करांचे तिसरे कार्य म्हणजे ओळख. ए आणि बी हे रक्तगट पेशीवरील साखळीच्या टोकाशी असलेल्या एकाच शर्करेच्या फरकाने वेगळे होतात. विषमज्वराचा जंतूही 'व्हीआय' नावाच्या बहुशर्करेचे कवच पांघरतो आणि शरीराच्या रक्षक पेशींना चकवतो.

हा रोग मुख्यतः शाळकरी मुलांचा, असा समज पूर्वी रूढ होता. दिल्लीतील कालकाजी येथील गरीब वस्तीत 1995-96 मध्ये झालेल्या पाहणीने तो खोडून काढला. वर्षाला दर हजारी विषमज्वराचे प्रमाण 5 ते 19 वर्षे वयोगटात 11.7, तर 5 वर्षांखालील बालकांत 27.3 आढळले. सर्वाधिक धोका चिमुकल्यांनाच होता, आणि त्या वेळची व्हीआय लस 2 वर्षांखालील मुलांना उपयोगी नव्हती.

याचे कारण रेणूच्या स्वरूपात आहे. प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात. निव्वळ शर्करेची साखळी त्यांना उमगत नाही. त्यांच्या साहाय्यावाचून तान्ह्या मुलाचे शरीर पुरेशी प्रतिपिंडे निर्माण करीत नाही आणि रोगजंतूची स्मृतीही टिकत नाही. यावर उपाय निघाला तो जोडणीचाच. शास्त्रज्ञांनी ही साखळी धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला बांधली. प्रथिनाच्या निमित्ताने टी-पेशी जाग्या होतात आणि शर्करेविरुद्धच्या प्रतिकाराला बळ देतात.

हैदराबादच्या भारत बायोटेकने घडवलेल्या अशा संयुग्मित लशीला भारतात 2013 मध्ये परवाना मिळाला. डिसेंबर 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभली. 2018 मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत ही लस देण्याचा जगातील तो पहिला उपक्रम होता.

तथापि, लस हा शुद्ध पाण्याला पर्याय नव्हे. दूषित पाण्याचा नळ जोवर एखाद्या वस्तीत वाहतो आहे, तोवर विषमज्वराचा मार्ग खुलाच राहील. प्रयोगशाळेने आपल्या वाट्याचे काम बऱ्याच अंशी केले आहे. उरलेले काम अभियंत्यांचे, नगरसेवकांचे आणि जागरूक नागरिकांचे आहे. त्यांतील काही जण आज याच वर्गांतून शिकत असतील.