अपघाताचा कागद आणि कष्टकऱ्यांचा हक्क

(दिघा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे-बेलापूर रस्त्याच्या उत्तर टोकाला दिघा आहे. एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी चढत गेलेल्या श्रमिकांच्या वस्त्या, दुसऱ्या अंगाला लोहमार्ग व पलीकडे खाडी, आणि या दोहोंमधून अहोरात्र धावणारी अवजड वाहतूक. १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने खाडीपलीकडे हा कारखान्यांचा पट्टा उभारला. आगरी-कोळी गावांच्या जमिनी त्यात गेल्या आणि राज्याच्या व देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले मजूर येथे स्थिरावले. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव हे रेल्वे स्थानक सुरू झाले. तथापि पाळीला जाणारा कामगार, भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली बाई आणि शाळेत निघालेले मूल यांना रस्ता टाळता येत नाही. ज्याच्यापाशी मोटार नाही त्यालाच मोटारीचे भय अधिक, हा औद्योगिक वसाहतींचा अलिखित नियम होय.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. हे मृत्यू टाळता कसे येतील हा प्रश्न मोठा आहे. परंतु आजच्या विवेचनाचा विषय त्याहून मर्यादित आणि अधिक निकडीचा आहे. अपघात घडल्यानंतर त्याची नोंद कोणी करावयाची, ती नोंद कुटुंबाच्या हाती कशी पडावयाची आणि ती न पडल्यास काय हानी होते, हा तो विषय. कमावता माणूस गेल्यावर घरात उरतो तो एक कागद. त्या कागदावर वाहनाचा क्रमांक चुकला, जागा चुकली किंवा साक्षीदाराचे नाव राहून गेले, तर पुढची दहा वर्षे ते कुटुंब त्या चुकीची किंमत मोजीत राहते.

या हक्काचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी अपघातग्रस्ताच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. कोर्ट फी, वकिलाची फी आणि वर्षानुवर्षांचे हेलपाटे हे गरिबाला परवडणारे नव्हते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ साली आणखी एक पाऊल पडले. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याचे तत्त्व मान्य झाले. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९९४ च्या दुरुस्तीने पोलिसांवर असे बंधन घातले की, अपघाताचा अहवाल त्यांनी ३० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावा, आणि असा अहवाल हाच नुकसानभरपाईचा अर्ज समजला जावा.

ही तरतूद क्रांतिकारक होती. पीडिताने न्यायालयाच्या दाराशी जाण्याऐवजी शासनाने त्याचे प्रकरण तेथे नेऊन पोहोचवावे, असा तिचा अर्थ. परंतु ती बहुतांशी कागदावरच राहिली. नमुना ५४ चा अहवाल न्यायाधिकरणाकडे आपण होऊन जाण्याऐवजी वारसांनाच तो मिळविण्यासाठी पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवावे लागले, आणि या उंबऱ्यांवर दलालांचा एक वर्ग पोसला गेला. अखेर २००७ साली सर्वोच्च न्यायालयाला या कलमाचे पालन करा असे राज्यांना बजावावे लागले.

आजची व्यवस्था २०१९ च्या दुरुस्तीवर आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांवर उभी आहे. तिचे टप्पे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजेत. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत तपास अधिकाऱ्याने प्रथम अपघात अहवाल, म्हणजे नमुना १, न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावयाचा असतो. त्याची प्रत पीडितासही द्यावयाची असते. १० दिवसांत नमुना २ द्वारे पीडितास त्याच्या हक्कांची लेखी माहिती द्यावयाची. ३० दिवसांत चालक व मालक यांनी आपापले नमुने भरून द्यावयाचे. ५० दिवसांत अंतरिम अहवाल. ६० दिवसांत पीडिताने किंवा वारसांनी नमुना ६ भरून आपले उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे, उपचाराचा खर्च ही माहिती द्यावयाची. आणि ९० दिवसांत घटनास्थळाचा नकाशा व वाहनाच्या यांत्रिक तपासणीचा अहवाल यांसह सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणापुढे गेला पाहिजे. गोहर मोहम्मद खटल्यात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांचे काटेकोर पालन व्हावे आणि पोलिसांनी त्यासाठी स्वतंत्र पथके नेमावीत, असे आदेश दिले.

या टप्प्यांत नमुना ६ चे महत्त्व सर्वांत अधिक. कारण तो भरणे कुटुंबाच्या हाती आहे आणि त्यावरच भरपाईची रक्कम ठरते. कंत्राटी कामगाराच्या हाती बहुधा वेतनपत्रक नसते. अशा वेळी हजेरीचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची नोंद, बँकेचे पासबुक आणि सहकाऱ्यांचे जबाब यांवर भिस्त ठेवावी लागते. मृत स्त्री घरकाम करीत होती, सबब तिचे उत्पन्न शून्य, असे कोणी लिहून घेऊ लागल्यास ते मान्य करू नये. जमशेदपूरच्या १९८९ च्या अग्निकांडासंबंधीच्या लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले होते, आणि हे तत्त्व पुढे मोटार अपघातांच्या दाव्यांतही दृढ झाले. घरातील श्रम हेही श्रमच, हे न्यायालयाने मानले. ते फॉर्मवर उतरविणे हे कार्यकर्त्याचे काम.

अपघाताच्या अहवालाचा पाया म्हणजे प्रथम खबर, ज्याला लोक एफ.आय.आर. म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ या बाबतीत लागू आहे. त्याची तीन अंगे दिघ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. दिघा हे नवी मुंबई महानगरपालिकेचे व पोलीस आयुक्तालयाचे टोक. विटावा-कळवा लागले की ठाण्याची हद्द सुरू होते. जखमीला जवळचे म्हणून कळव्याच्या रुग्णालयात नेले, तर अपघात एका आयुक्तालयात आणि उपचाराची नोंद दुसऱ्यात, अशी स्थिती उद्भवते. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर अशा वेळी कायद्याला धरून नाही, हे नम्रपणे परंतु ठामपणे सांगता आले पाहिजे. दुसरे, प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. तिच्यासाठी कोणी पैसे मागू शकत नाही. तिसरे, खबर नोंदविण्यास नकार मिळाल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार टपालाने धाडता येते आणि त्यानेही न भागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

पुष्कळदा असे होते की, घरची माणसे जखमीला घेऊन रुग्णालयात धावतात आणि पोलिसांत जाण्यास चार दिवस उशीर होतो. मग विमा कंपनीचा वकील या उशिराचे भांडवल करतो. २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ खबर देण्यास उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही. आपल्या माणसाचे प्राण वाचविण्याकडे कुटुंबाचे लक्ष असणे स्वाभाविक आहे. तरीही विलंबाचे कारण जबाबात तेव्हाच लिहून घ्यावे, आणि रुग्णालयातील एम.एल.सी. नोंदीत ‘रस्ता अपघात’ असे शब्द आहेत किंवा नाहीत, हे पाहून घ्यावे. ‘पडल्यामुळे इजा’ एवढीच नोंद झाली, तर तो एक शब्द पुढे फार महाग पडतो. मे २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे; तीही अपघाताच्या पोलीस नोंदीशी जोडलेली आहे.

आता सर्वांत उपेक्षित वर्गाकडे वळू. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांचे बळी. २०२२ साली देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. वाहन सापडले नाही, तरी कायद्याच्या कलम १६१ नुसार मृत्यूसाठी २ लाख व गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये देय आहेत. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. दावा चौकशी अधिकारी म्हणून नेमलेल्या प्रांत वा तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. परंतु सर्वोच्च न्यायालयापुढे जी माहिती आली ती अशी की, २०२२-२३ या वर्षात सबंध देशातून अवघे २०५ अर्ज आले आणि त्यांतील ९५ निकाली निघाले. बळी हजारोंनी आणि अर्ज शेकड्यांनी! लोकांना भरपाई नको होती असे नव्हे. असा हक्क आहे हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की, महिनाभरात वाहनाचा तपास न लागल्यास ठाण्याच्या प्रमुखाने या योजनेची माहिती व चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता पीडिताला लेखी कळवावा आणि प्रथम अपघात अहवाल त्या अधिकाऱ्याकडे धाडावा. हे लेखी पत्र मिळाले काय, हा प्रश्न दिघ्यातील अशा प्रत्येक घरी जाऊन विचारला गेला पाहिजे.

जे कायद्याने दिले त्याचा काही भाग कायद्यानेच काढून घेतला, हेही सांगणे प्राप्त आहे. १९९४ मध्ये दाव्यावरील कालमर्यादा उठविण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली: अपघातापासून सहा महिने. पती गेलेल्या, लहान मुलांना घेऊन गावी परतलेल्या स्त्रीला सहा महिने म्हणजे काहीच नव्हेत. या तरतुदीला आव्हान दिले गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. परंतु अंतरिम आदेशावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे. सहा महिन्यांची तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी आणि अर्ज त्याआधीच दाखल व्हावा.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो: भरपाईच्या मोहाने खोटे दावे उभे राहतात. ही तक्रार निराधार नाही. बनावट वाहन व बनावट साक्षीदार उभे केल्याची प्रकरणे काही राज्यांत उघडकीस आली आहेत. परंतु त्यावरचा उपाय खऱ्या पीडिताची मुदत कापणे हा नव्हे. घटनेनंतर ४८ तासांत तयार झालेला, छायाचित्रे व नकाशा असलेला, न्यायाधिकरणाकडे थेट पोहोचलेला अहवाल हाच खोटेपणाला खरा पायबंद. जेथे सरकारी कागद उशिरा आणि मागच्या दाराने मिळतो, तेथेच दलालाचे फावते.

आणखी एक विचार या व्यासपीठावरून दृष्टिआड होता कामा नये. ट्रक वा टेंपो चालविणाराही श्रमिकच असतो. सोळा-सोळा तास चाकामागे बसविलेल्या, खेपेवर मजुरी मिळणाऱ्या माणसाच्या हातून चूक घडते, तेव्हा ज्याने ती वेळापत्रके आखली तो मालक कागदावर कोठेच दिसत नाही. नव्या न्याय संहितेतील पळून जाणाऱ्या चालकांविषयीच्या कठोर कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर वाहनचालकांनी संप केला आणि ते उपकलम पुढे अमलात आणले गेले नाही. चालकाची भीती खरी आहे. परंतु जखमीला रुग्णालयात पोहोचविणे व २४ तासांच्या आत पोलिसांना कळविणे हे त्याचे कर्तव्यही तितकेच खरे आहे. पादचारी श्रमिक विरुद्ध चालक श्रमिक असा झगडा लावून देण्यात कोणाचेच हित नाही. भरपाई द्यावयाची आहे ती विमा कंपनीने आणि वाहनाच्या मालकाने. म्हणून चालकांच्या संघटनांनीही वाहनाचा विमा चालू आहे किंवा नाही याची चौकशी मालकापाशी आग्रहाने केली पाहिजे.

मग करावयाचे काय? काम साधे आहे आणि चिकाटीचे आहे. प्रत्येक वस्तीत दोघा-तिघांनी हे टप्पे शिकून घ्यावेत. अपघात घडताच एकाने रुग्णालयात आणि एकाने घटनास्थळी जावे. वाहनाचा क्रमांक, वेळ, जागेची खूण, पाहणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस साक्षीची सक्ती करू शकत नाहीत, हे लोकांना सांगावे, म्हणजे माणसे पुढे येतील. पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे आणि तो वाचून पाहावा. ४८ तास, १० दिवस, ६० दिवस, ९० दिवस आणि सहा महिने या पाच तारखा कुटुंबाला लिहून द्याव्यात. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्याचा अर्ज करावा. कामावर जाता-येता झालेला अपघात हा नोकरीतील इजा मानण्याचे तत्त्व राज्य कामगार विम्यात २०१० पासून आलेले आहे. तेव्हा कारखान्यातही त्याच दिवशी लेखी खबर द्यावी.

हे काम मोर्च्याइतके डोळ्यांत भरणारे नाही. परंतु विधिमंडळात व संसदेत झगडून मिळविलेला हक्क पोलीस ठाण्याच्या टेबलावर हरवत असेल, तर लढा तेथेच नेला पाहिजे. पुढील महिन्याभरात दिघ्यातील वस्त्यांमधून, गेल्या सहा महिन्यांत अपघात झालेल्या कुटुंबांची यादी तयार व्हावी, आणि त्यांतील प्रत्येकाकडे प्रथम अपघात अहवालाची प्रत आहे किंवा नाही याची नोंद व्हावी. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्यासाठी लेखी अर्ज त्याच आठवड्यात ठाण्यात दाखल झाला पाहिजे.