आईबाबा घरी नाहीत
(रविवारच्या बैठकीत ‘इलो इलो’ हा चित्रपट पाहिल्यानंतर केलेले भाषण)



मघाशी चहा घेताना दोन प्रतिक्रिया कानावर आल्या. एक : “चित्रपट छान, पण यात आपली माणसं कुठे आहेत?” दुसरी : “परक्या देशात नव्यानं सुरुवात करणं म्हणजे काय, ते आपल्यालाच कळतं!”

पहिली तक्रार रास्त आहे. सिंगापूरच्या चित्रपटांत भारतीय चेहरे कमीच. एरिक खू यांचा तमिळ ‘माय मॅजिक’ (2008) आणि के. राजगोपाल यांचा ‘अ यलो बर्ड’ (2016) हे दोन्ही कान महोत्सवापर्यंत पोचले. दुसऱ्यात तर आपल्या ओळखीच्या सीमा बिस्वास आहेत. असे आणखी चित्रपट यायला हवेत, याबद्दल दुमत नाही.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रतिक्रियेबद्दल.

अँथनी चेन यांच्या या पहिल्याच चित्रपटाला 2013 साली कानमध्ये ‘कॅमेरा दोर’ मिळालं. कथा 1997 च्या आर्थिक संकटातली. फिलिपिन्सहून टेरी एका सिंगापुरी चिनी कुटुंबात घरकामाला येते. स्वतःचं तान्हं मूल मागे ठेवून ती इथल्या दहा वर्षांच्या हूड मुलाला सांभाळते. बापाची नोकरी जाते. आई ऑफिसात इतरांना काढून टाकल्याची पत्रं टाइप करते. दिग्दर्शकानं कोणालाही खलनायक केलेलं नाही, आणि म्हणूनच चित्रपट टोचतो.

याला दोन नावं आहेत. ‘इलो इलो’ हे फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतावरून. दिग्दर्शकाला लहानपणी सांभाळणारी बाई तिथली होती. चिनी नावाचा अर्थ मात्र ‘आईबाबा घरी नाहीत’. एक नाव तिच्या गावाचं, दुसरं मालकांच्या घराचं. आपण कोणत्या नावानं चित्रपट पाहिला?

मंडळी, आपण सगळे स्वतःला टेरीच्या जागी ठेवून पाहत होतो. मीही. पण खरं सांगायचं तर या गोष्टीत आपण टेरी नाही, मालकीणबाई आहोत. परदेशी टेरीही आहे आणि आपणही आहोत, पण पास वेगळा आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी डिपेंडंट पासवर बायको-नवरा, मुलं आणली. हेल्परला वर्क परमिटवर कुटुंब आणता येत नाही. दर सहा महिन्यांनी तिची वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात गर्भचाचणीही असते. नव्यानं सुरुवात करायची मुभा आपल्याला जितकी मिळाली, तितकी तिला नाही.

चित्रपटात मालकीणबाई टेरीचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवते, तेव्हा माझी मान खाली गेली. आमच्या हेल्परचा पासपोर्ट दोन वर्षं माझ्या कपाटात होता. “सुरक्षित राहील,” असं मीच तिला सांगितलं होतं. दुसऱ्याचा पासपोर्ट असा अडकवून ठेवणं इथल्या कायद्यात बसत नाही, हे मला माहीत होतं. पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला, त्या रात्री तो परत केला. तिनं काही न बोलता तो उशीखाली ठेवला. ते पाहणं मला कोणत्याही रागावण्यापेक्षा जड गेलं.

1 जानेवारी 2013 पासून दिल्या जाणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या परमिटांना साप्ताहिक सुट्टी लागू झाली. तिच्या संमतीनं सुट्टीऐवजी पैसे देता येतात, ही पळवाट मात्र राहिली. म्हणून 1 जानेवारी 2023 पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैशांत बदलता येत नाही. महिन्यातून एक! आपल्यापैकी कोणी अशी नोकरी पत्करली असती का?

पडद्यावर आपला चेहरा दिसावा ही मागणी जरूर करू या. पण प्रतिनिधित्वाचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातही आहे. तिथं तिचं म्हणणं कोण ऐकतं?

शेवटी एकच विचारतो. आज रविवार. समतेवर बोलायला आपण तीन तास इथं बसलो आहोत. आईबाबा घरी नाहीत. मग आपली मुलं आत्ता कोणाजवळ आहेत, आणि तिची सुट्टी कधी?

पुढची बैठक शनिवारी ठेवावी, अशी माझी सूचना आहे.