आधी दाखला, मग तिकीट

गोव्यातल्या लाटंबार्सेकरांना मोपाचा विमानतळ आता जवळ.
2023 पासून तिथून विमानं उडतात.
बाळाला घेऊन आखातात बाबांकडे जायचंय?
मग आधी जन्मदाखला, नंतर तिकीट.

तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.
1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांच्या जन्मतारखेला पासपोर्टसाठी पुरावा एकच, जन्मदाखला.
तो नीट वाचा.
आईच्या आधारवर ‘गावस’,
दाखल्यावर ‘गांवस’?
आपल्याकडे हे फार होतं बघा!
दुरुस्ती वेळेत करून घ्या.

पासपोर्टला संमती आई-बाबा दोघांची लागते.
चार वर्षांखालच्या बाळाचा फोटो पासपोर्ट केंद्रात आपणच न्यायचा.
मागे पांढरा पडदा, डोळे उघडे.
बाळ नेमकं तेव्हाच झोपतं, ते वेगळं.

पुन्हा सांगते,
आधी जन्मदाखला, मग तिकीट.
आणि बाळाची पेज सामानात टाकू नका,
हातातल्या पिशवीत ठेवा.