घरोघरची जुनी कागदपत्रे



संस्थेच्या महोत्सवात मी चार शब्द बोलावेत असा चिटणिसांचा आग्रह पडला, तेव्हा विषय शोधण्याची पाळी माझ्यावर आली नाही. गेले आठ महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि तो म्हणजे माझ्या पणजोबांची पत्र्याची पेटी. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेलच. म्हणून घरचीच हकीकत सांगतो.

आमचे घराणे मूळचे चांदवडकडचे. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इंदुरातच राहिले. पणजोबा निमाडातल्या एका कचेरीत कारकून होते. घरात दखनी, दारात मराठी आणि बाजारात माळवी असा त्यांचा व्यवहार असे. त्यांच्या पेटीतही तसेच आहे. घरखर्चाची टाचणे मोडीत, भावाबहिणींची पत्रे उर्दूत आणि दोनतीन जुने कागद फारसीत. हे सारे पूर्वी याच्या दुप्पट होते. १९९४ साली जुने घर पाडले तेव्हा आमच्याच माणसांनी दोन रुमाल रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. किलोला काय भाव आला हे मी कधी विचारले नाही.

आता कोणी म्हणेल, एका कारकुनाच्या घरखर्चात जगाला काय रस? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला एका शिक्षकाने दिले. मिरजेच्या हायस्कुलातले वासुदेवशास्त्री खरे आपल्याला ठाऊक असतील. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या घरचे दफ्तर वाचले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडामागून खंड छापले. पटवर्धन मंडळी मोहिमेवरून घरी लिहीत ती पत्रे काही इतिहासासाठी लिहिलेली नव्हती. कोणी आजारी आहे, पैसा पोचला नाही, घोडी थकली, असलाच मजकूर त्यात पुष्कळ. पण हैदराशी झालेल्या लढायांच्या वेळी छावणीत काय चालले होते हे आज आपल्याला कळते ते अशाच कागदांमुळे. शाळामास्तराच्या पगारात हे काम कसे झाले असेल, याचा विचार मी पगाराच्या दिवशी हटकून करतो.

दुसरे उदाहरण आपल्या माळव्याचे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी मंदसोरजवळच्या सीतामऊला जाऊन आलो. तिथले महाराजकुमार रघुबीरसिंह हे सर जदुनाथ सरकारांचे शिष्य. माळव्याच्या अठराव्या शतकावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३६ साली निघाला. राजपुत्राने शिकारीचे शौक करायचे, तर या गृहस्थाने कागद गोळा केले. परदेशच्या ग्रंथालयांतून फारसी हस्तलिखितांच्या छायाप्रती आणविल्या. तोच संग्रह पुढे नटनागर शोध संस्थान झाला, १९७४ साली. तिथे गुळगुळे दफ्तराच्या नकला आहेत. हे गुळगुळे कोट्याला मराठ्यांतर्फे खंडणीचा वसूल पाहणारे. म्हणजे राजस्थानात स्थायिक झालेले आपलेच एक मराठी कुटुंब. त्या दफ्तरातला काही भाग ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळक्यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या मालेत छापला. शिंद्यांचे राजस्थानातले राजकारण समजून घ्यायला विद्वानांना या एका घराच्या कागदांकडे यावे लागते. त्या घरातल्या कोणी एखाद्या पाडव्याला साफसफाईचा उत्साह दाखवला असता तर?

इथे थोडे विषयांतर करतो, मास्तर आहे म्हणून क्षमा असावी. मोडी शिकायला लागलो तेव्हा वळणांनी मला रडकुंडीस आणले, पण तारखा मात्र मी वर्गात सर्वांच्या आधी वाचीत असे. कारण मराठी दफ्तरांतले साल अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, असे ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हे झाले पानिपताचे साल. लहानपणी मक्तबात मौलवीसाहेबांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेले आकडे पेशव्यांच्या कारकुनांच्या हातचे निघाले. वर्ष बदलते ते मात्र मृगाला, पेरणीच्या वेळी. महिने चांद्र, आकडे अरबी, वर्ष शेतकऱ्याचे आणि लिपी मोडी. अशा कागदांची कोणी धर्मावार वाटणी करू म्हणेल तर त्याला तारीखसुद्धा लागणार नाही.

असो. पेटी एखाद्या अभिलेखागारात द्यावी असे मी घरात काढले, तेव्हा खरी लढाई सुरू झाली. माझे चाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते म्हणाले, “घरातली भांडणं गावाला वाचायला द्यायची का?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पेटीत पणजोबांनी दोन भावांशी केलेल्या वाटणीच्या तक्रारी आहेत. पणजीच्या पाटल्या गहाण ठेवून काढलेल्या कर्जाची चिठ्ठी आहे. सावकार याच शहरातले, आणि त्यांचे वंशज या सभागृहात असू शकतील. कर्ज फिटले, चिठ्ठी फाटली नाही, एवढेच.

मी चाचांना समजावले की कागद देण्याच्या अटी आपणच घालू शकतो. कायमचे दान करता येते, नुसती ठेव म्हणूनही ठेवता येतात. अमुक पत्रे अमुक वर्षे उघडू नयेत असे लिहून देता येते. छायाप्रती आपल्याकडे राहतात. हे सारे बोलून नव्हे, लेखी करून घ्यावे.

ज्यांच्या घरी कागद आहेत त्यांना एवढेच सांगेन की फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. प्लास्टिकमध्ये कायमचे मढवू नका. आणि कृपा करून, नीटनेटके करण्याच्या भरात गठ्ठे विसकटू नका. पणजोबांनी कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी बांधला होता, हीसुद्धा माहितीच आहे. पाकिटे टाकू नका. पत्रावर तारीख नसली तर टपालाच्या शिक्क्यावर सापडते. वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. मोडी वाचणारे आज थोडे उरले असले तरी आहेत, आणि उर्दूसाठी माझ्याकडे या.

आमच्या पेटीत एकूण २१४ कागद निघाले. मी याद करायला बसलो की चाचा शेजारी खुर्ची ओढून बसत आणि उर्दू पत्रे मोठ्याने वाचत. एका संध्याकाळी त्यांच्या मोठ्या बहिणीचे, सासरहून आलेले पत्र निघाले. ते त्यांनी मनातल्या मनात वाचले, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात पेटी रवाना होईल तेव्हा तिच्यात २१३ कागद असतील. यादीत मात्र ८७ वा क्रमांक मी गाळलेला नाही. त्याच्यासमोर लिहिले आहे, ‘पत्र एक, उर्दू, घरी ठेवले.’ ती ओळ चाचांनी चष्मा लावून वाचली, आणि खाली स्वतःची सही केली.