जुन्या मोटारीत नवा गारवा



वैशाख लागला म्हणजे आपल्या वऱ्हाडात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचा रस्ता अशा वेळी दूरवर पाण्यासारखा चमकत असतो. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. धाब्याच्या घरात, माठाशेजारी पडून राहणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पण आजारी माणसाला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं असेल, तर पत्र्याच्या मोटारीत बसणं काही चुकत नाही.

समजा, आसेगावातल्या एका घरी १९६८ सालची फियाट आहे. आजोबांनी हौसेनं घेतलेली आणि वडिलांनी जिवापाड सांभाळलेली. आजी आता ऐंशीच्या घरात आहेत. नातू म्हणतो, "बाबा, आपण गाडीला एसी बसवून घेऊ. आजीला ऊन सोसत नाही." बाबा म्हणतात, "आजोबांच्या गाडीला भोकं पाडायची नाहीत!" दोघांचंही म्हणणं खरं आहे. तेव्हा आज आपण या दोघांच्या मध्ये बसून थोडा विचार करू.

आधी गारवा म्हणजे काय ते पाहू. गारवा कुठून आणून ओतता येत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकावी लागते. आपला माठ हेच करतो. त्याच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. वाळ्याची ताटी आणि खिडकीतला कूलर यांचं तत्त्व हेच. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून मोटारीच्या खिडकीला अडकवायचे असे पाण्याचे कूलर मिळत. गाडी धावली की वारा ओल्या जाळीतून आत येई. कोरड्या हवेत ते उत्तम चालत. मात्र श्रावणात हवाच ओली असते, मग पाणी उडायचं कसं? म्हणून कूलर आपल्याला वैशाखात तारतो आणि पावसाळ्यात उगीच घुरघुरतो.

दुसरा मार्ग बर्फाचा. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली थंड हवेचा डबा जोडला गेला. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरत आणि त्या वितळल्या की वाटेतल्या स्टेशनांवर नव्या घालत. 'एक टनाचा एसी' हा आजचा शब्दप्रयोगही बर्फातूनच आला आहे. सुमारे ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी उपसणारं यंत्र एक टनाचं. म्हणजे दर तासाला ३८ किलो बर्फ झाला. उन्हातली मोटार थंड करायला साधारण एवढी किंवा याहून जास्त शक्ती लागते.

तिसरा मार्ग आजच्या यंत्राचा. शिक्षक मंडळींनी तो वर्गात दोन साध्या गोष्टींनी समजावून द्यावा. मुलाच्या हातावर थोडं स्पिरिट लावा. ते उडताना हात गार पडतो. मग सायकलचा पंप तोंड दाबून जोरात मारा. नळी गरम होते. एसीमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. कॉम्प्रेसर वायूला दाबतो, तेव्हा वायू बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होतो. तो समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आपली उष्णता वाऱ्याला देतो आणि त्याचा द्रव बनतो. पुढे बारीक वाटेतून सुटल्यावर दाब उतरतो, द्रव आतल्या जाळीत उकळू लागतो आणि गाडीतली उष्णता शोषून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. हा रहाट असाच फिरत राहतो.

मोटारीत हे यंत्र अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं आणलं. १९३९ साली तिनं आपल्या १९४० च्या गाड्यांसाठी ते जाहीर केलं. यंत्रानं मागच्या डिकीतली बरीच जागा अडवली होती. त्याला क्लच नव्हता. गारवा नको असेल, तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा! पुढे १९५४ साली नॅश कंपनीनं सगळा संसार गाडीच्या पुढच्या भागात मावेल असा केला.

आता आपल्या फियाटकडे वळू. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी ठाऊक झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

या गाडीचं इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. एसीचा कॉम्प्रेसर त्यातली तीन-चार अश्वशक्ती सहज खातो. दहा जण ओढत असलेल्या गाड्यातून एकाला काढून दुसऱ्या कामाला लावण्यासारखं हे आहे. सपाट रस्त्यावर कळणार नाही. घाटात आणि चार माणसं बसली असताना कळेल.

दुसरी अडचण इंजिनच्या पाण्याची. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. म्हणजे रेडिएटरला जी हवा मिळायची, ती आधीच तापून येणार. पन्नास वर्षांच्या रेडिएटरमध्ये गाळ साचलेला असेल, तर ४५ अंशांत पाणी उकळायला वेळ लागत नाही. म्हणून एसीच्या आधी रेडिएटर साफ करून घ्यावा, पाण्याच्या नळ्या बदलाव्यात आणि विजेचा जादा पंखा बसवावा.

तिसरी अडचण विजेची. जुन्या फियाटमध्ये डायनामो असतो. गाडी जागेवर उभी असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही आणि एसीच्या पंख्यांना तर सतत वीज लागते. तिथे अल्टरनेटर बसवावा लागेल. जुनं वायरिंग कापडासारखं कुजलेलं असेल, तर त्यावर नवा भार टाकू नये. पंख्यांना जाड वायर आणि वेगळा फ्यूज हवा, नाहीतर गारव्याऐवजी आग मिळायची.

चौथी गोष्ट वायूची. पूर्वी आर-१२ नावाचा वायू वापरत. तो वातावरणातल्या ओझोनच्या थराला खातो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगानं त्याला हळूहळू रजा दिली. त्याच्या जागी मोटारींत आर-१३४ए आला. तो ओझोनला खात नाही, पण पृथ्वीची उष्णता वाढवतो. तेव्हा कुठलाही वायू हवेत सोडून देऊ नये. भरायचं आणि काढायचं काम शिकलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

आता वडिलांचा मुद्दा. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची असते, रोजच्या वापरासाठी नाही. तेव्हा घरच्यांनी आधीच ठरवावं. गाडी ठेवा म्हणून जपायची की आजींना दवाखान्यात न्यायची? दोन्ही कामं एका कागदावर बसत नाहीत. रोज वापरायची असेल, तर नेहमीची नोंदणी आणि तंदुरुस्तीचा दाखला वेळेवर नवा करून घ्यावा.

आणि एसी बसवायचाच ठरला, तर एक पथ्य पाळा. पत्रा कापू नका. आतलं यंत्र डॅशबोर्डच्या खाली टांगा, जिथे भोकं आधीच आहेत तिथे स्क्रू घाला. काढलेला डायनामो, जुना पट्टा, जुने नटबोल्ट चिंधीत बांधून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. उद्या कोणाला गाडी पुन्हा पहिल्यासारखी करावीशी वाटली, तर एका आठवड्यात ती तशी झाली पाहिजे.

पण यंत्राच्या आधी साधे उपायही आहेत. छताच्या आत जाड अस्तर लावा. दारांची रबरं बदला. गाडी झाडाखाली उभी करा. पहाटे निघा. निघताना दारं उघडून कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्या. फियाटची पुढची तिकोनी काच वाऱ्यासाठीच दिलेली आहे, ती वापरा. निम्मं काम इथेच होतं.

शेवटी एक गोष्ट मात्र विसरू नका. उन्हात बंद मोटार दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. एसी असो वा नसो, लहान मूल किंवा म्हातारं माणूस बंद गाडीत एकटं ठेवून "आलोच पाच मिनिटांत" म्हणून बाजारात जाऊ नका.

आता आपल्या घरातल्या वादाचं काय? मला विचाराल तर या वैशाखात आजींना एखाद्या गार गाडीतून अकोल्याला न्यावं, भाड्याची असली तरी चालेल. आजोबांच्या फियाटचा निर्णय पावसाळ्यात, रेडिएटर उघडून पाहिल्यावर, बापलेकांनी एकत्र बसून घ्यावा. आणि हो, आजींनाही विचारावं. कदाचित त्या म्हणतील, "मला ती तिकोनी काचच उघडून द्या."