ओव्हरड्राफ्ट म्हणजे शिल्लक नव्हे
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



अंबरपेठ, गोलनाका, काचीगुडा या भागांत आपली घरे तीन-चार पिढ्यांची. अनेकांच्या घरी कोणी ना कोणी स्टेट बँक ऑफ हैदराबादेत नोकरीला होते, नाही तर निदान तिचे पासबुक तरी कपाटात होते. १९४१ साली निघालेली ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. ओव्हरड्राफ्ट हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांनी व्यापाऱ्यांच्याच तोंडी ऐकला होता. आज तो पगारदाराच्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे.

आम्ही उपदेश करायला उभे नाही. आमच्याच घराचा हिशेब मांडतो.

पगार ४२,००० रुपये. ओव्हरड्राफ्टची मर्यादा एक लाख, व्याज वर्षाला १२ टक्के. महिनाअखेरीस खाते ९०,००० ने उणे. एक तारखेला पगार जमा झाला की ते ४८,००० वर येई आणि पुन्हा हळूहळू ९०,००० कडे जाई. मोबाइलवर ‘उपलब्ध रक्कम’ दिसे, आणि आम्ही तिलाच आपली शिल्लक समजत होतो. ती शिल्लक नव्हती, उधारी होती. दुसरीकडे साडेसहा टक्क्यांच्या आवर्त ठेवीत दरमहा १,५०० रुपये भरत होतो. साडेसहा मिळवायचे आणि बारा द्यायचे, याला बचत म्हणत नाहीत.

प्रथम ती ठेव मोडली. १८,००० आले, ते सरळ कर्जात भरले. उरले ७२,०००. मग दरमहा ४,००० काढायचे ठरवले. ठेवीचा हप्ता थांबला, ते १,५००. हॉटेल आणि घरपोच खाणे बंद, १,०००. टीव्ही-मोबाइलच्या जादा योजना, ५००. उरलेले १,००० सर्वांत अवघड गेले, कारण ते लग्नामुंजीच्या आहेरातून काढायचे होते. खरे सांगतो, बँकेला आम्ही कधी घाबरलो नाही. घाबरलो ते चारचौघांत पाकीट हलके दिसेल म्हणून.

दर तीन महिन्यांनी बँकेत अर्ज देऊन मर्यादा १२,००० ने कमी करून घेतली. हे केले नाही तर फेडलेले पैसे पुन्हा उचलले जातात. व्याज रोजच्या उणे रकमेवर लागते, म्हणून पगार आल्या आल्या सगळी बिले न भरता प्रत्येक बिल त्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी भरू लागलो. मध्यंतरी घरात आजारपण आले आणि ८,००० परत उचलावे लागले. अठरा महिन्यांचे वीस झाले. पण सुटलो.

ज्यांच्याकडे क्रेडिट कार्डाचीही थकबाकी आहे, त्यांनी आधी ती फेडावी. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिले तर मुद्दल जवळपास जागेवरच राहते. आणि एक कर्ज फेडायला मोबाइल ॲपवरचे दुसरे घेऊ नये. कर्ज देणाऱ्या ॲपनी ग्राहकाच्या फोनमधील संपर्क यादीला हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आपल्या निजामी मुलखातही फसली १३४९ मध्ये सावकारी कायदा झाला. सुप्याच्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो, पण आपण तो उघडत नाही. फरक एवढाच.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक, महिन्यातून एका रविवारी बँकेत काम केलेल्या निवृत्त सभासदांनी कुटुंबांचे खातेउतारे वाचून द्यावेत, आणि तिथले बोलणे तिथेच राहावे. दोन, मंडळाच्या सभागृहातील कार्यांत ‘आहेर नाही’ हा नियम सर्वांना सारखा असावा; म्हणजे कोणाचीच मान खाली जाणार नाही. तीन, १९९५ च्या परस्पर साहाय्य सहकारी संस्था कायद्याखाली आपली छोटी बचत संस्था काढता येईल का, याचा विचार व्हावा. पण हिशेबतपासणी दरवर्षी व उघड हवी. २००१ मध्ये कृषी बँक बुडाली तेव्हा याच शहरातल्या ठेवीदारांनी काय सोसले, हे आपण पाहिले आहे.

निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना आपण रस्ते आणि नाले विचारतो. बिनपरवाना सावकारी आणि वसुलीवाल्यांच्या दादागिरीबद्दलही विचारले पाहिजे. पण तसे विचारायला आधी आपले तोंड उघडले पाहिजे. आम्ही आज ते उघडले. आता तुमची पाळी.