आर्ट यंग : रेघ विकण्यास नकार

(व्याख्यानाचा मजकूर)



शिकागोच्या हेमार्केट खटल्यातील कैदी १८८७ साली फाशीची वाट पाहत होते, तेव्हा एकवीस वर्षांचा एक तरुण चित्रकार तुरुंगात जाऊन त्यांना पाहून आला. वृत्तपत्रासाठी त्यांची रेखाटने करणे हे त्याचे काम होते. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंजल या चौघांना फासावर चढविण्यात आले. पाचवा लिंग आदल्या दिवशीच कोठडीत मरण पावला होता. त्या काळी या कैद्यांविरुद्ध मजकूर भरलेले एक पुस्तक निघाले, त्याचे मुखपृष्ठ याच तरुणाने काढले होते. कायद्याने अराजकवाद्यांचा बीमोड केला, ते योग्यच झाले, अशा आशयाचे ते चित्र होते. सांगितलेले काम त्याने चोख करून दिले आणि पैसे घेतले.

या तरुणाचे नाव आर्थर हेन्री यंग. पुढे आर्ट यंग या नावाने तो अमेरिकेतील कामगार चळवळीचा सर्वांत लाडका व्यंगचित्रकार झाला. त्याच्या चरित्राचा प्रारंभ बहुधा त्याच्या गाजलेल्या चित्रांपासून केला जातो. पण ते मुखपृष्ठ बाजूला ठेवले, तर पुढच्या पन्नास वर्षांचा अर्थच लागत नाही.

हेमार्केट प्रकरणाची पार्श्वभूमी या श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी सुरू झालेला संप, ३ मे रोजी मॅककॉर्मिक कारखान्यापाशी झालेला गोळीबार, ४ मेच्या सभेत पडलेला बाँब आणि तो टाकणारा कोण याचा पत्ता न लागताच आठ जणांवर चाललेला खटला, हा सारा इतिहास प्रत्येक मे दिनाला उजळला जातो. याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीसाठी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला होता, तो १८८४ साली. शिकागो आणि परळ यांच्यामध्ये दोन महासागर होते, पण घड्याळाचा प्रश्न एकच होता. फरक असा की लोखंडे यांच्या हाती ‘दीनबंधु’ हे पत्र होते. शिकागोत बहुतेक मोठी वृत्तपत्रे मालकांच्या हाती होती आणि आर्ट यंगसारख्या होतकरू मुलाला पोटासाठी त्यांच्याच दारात उभे राहावे लागे.

यंगचा जन्म १४ जानेवारी १८६६ रोजी इलिनॉय राज्यात झाला आणि बालपण विस्कॉन्सिनमधील मन्रो या छोट्या गावी गेले. वडिलांचे तेथे किराणा-कापडाचे दुकान होते. गावातील शेतकरी, दुकानदार, धर्मोपदेशक आणि रिकामटेकडे लोक त्याने तेथेच डोळ्यांत साठविले, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये बसून धनिकांची चित्रे काढतानाही त्याच्या रेघेतला हा गावरान मिस्कीलपणा गेला नाही. शिकागो, न्यूयॉर्क व पॅरिस येथे त्याने थोडेबहुत कलाशिक्षण घेतले. पॅरिसमध्ये तो गंभीर आजारी पडला आणि शिक्षण अर्धवट टाकून परतला. ‘इंटर ओशन’ या पत्रात असताना थॉमस नास्ट या वृद्ध, थकलेल्या महारथीचा त्याला काही काळ सहवास लाभला. न्यूयॉर्कच्या भ्रष्ट ट्वीड टोळीला ज्याच्या चित्रांनी जेरीस आणले, तोच हा नास्ट.

यानंतरची पंधरा-वीस वर्षे यंग आपली कला बाजारात विकीत होता. ‘पक’, ‘जज’, ‘लाइफ’ ही त्या काळची विनोदी साप्ताहिके. ‘जज’ रिपब्लिकन पक्षाचे, ‘पक’चा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे. यंग दोहोंनाही चित्रे देई. कल्पना पुष्कळदा संपादकाची असे, हात तेवढा चित्रकाराचा. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे चित्रकार हा स्वतंत्र कारागीर दिसतो, पण वस्तुतः तो नगावर मजुरी घेणारा कामगार असतो. विणकर कापड विणतो, त्या कापडाचे पुढे काय व्हावे हे ठरविण्याचा हक्क त्याला नसतो. मात्र विणकराचे कापड त्याच्याविरुद्ध साक्ष देत नाही, चित्रकाराचे चित्र देते. बाजारातील मजूर आणि छापील मताचा धनी या दोन भूमिका एकाच माणसात आल्या म्हणजे जी ओढाताण होते, ती यंगला चाळिशीपर्यंत छळत राहिली.

त्याचे मतपरिवर्तन सावकाश झाले. १८९३ साली गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी हेमार्केट खटल्यातील जिवंत राहिलेल्या तिघांची मुक्तता केली आणि मूळ न्यायनिवाडाच सदोष होता असे लेखी बजाविले. त्यायोगे मुखपृष्ठावरचा विजयी कायदा खोटा ठरला. १८९५ मध्ये डेन्व्हर येथे त्याने ब्रिटिश मजूरनेते कीर हार्डी यांचे भाषण ऐकले. (हेच हार्डी १९०७ साली हिंदुस्थानात येऊन गेले आणि येथील परिस्थितीवर स्पष्ट बोलल्याबद्दल इंग्लंडातील पत्रांच्या रोषास पात्र झाले.) पुढे न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन या संस्थेत यंगने वादविवाद आणि वक्तृत्वाच्या वर्गात नाव घातले आणि १९०६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो अभ्यासक्रम पुरा केला. सार्वजनिक प्रश्नांवर वाद घालायचा तर ते समजले पाहिजेत, आणि समजल्यावर पूर्वीसारखी चित्रे काढता येईनात. स्वतःला न पटलेल्या विचाराचे चित्र कोणत्याही किमतीस काढावयाचे नाही, असा निर्धार त्याने याच सुमारास केला. तो समाजवादी झाला, समाजवादी पक्षातर्फे निवडणुकीलाही उभा राहिला आणि अपेक्षेप्रमाणे पडला.

पण नकार देणे हे निम्मेच काम असते. न विकलेली रेघ छापायची कोठे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘द मासेस’ हे मासिक. ते १९११ साली सुरू झाले आणि वर्षदीड वर्षात बंद पडण्याच्या बेतास आले. तेव्हा यंग व त्याच्या सहकाऱ्यांनी मॅक्स ईस्टमन या तरुण तत्त्वज्ञाला कळविले की तुमची संपादकपदी निवड झाली आहे, पगार मिळणार नाही. मासिकाची मालकी लेखक-चित्रकारांच्या सहकारी मंडळाची होती आणि मानधन कोणालाच नव्हते. जाहिरातदारावर अवलंबून नसलेले पत्र केवढे निर्भय असू शकते आणि किती दरिद्री असते, हे दोन्ही तेथे एकदमच दिसले.

त्याच्या दोन चित्रांविषयी येथे थोडे थांबून बोलले पाहिजे. एकात गटारात दिवसभर राबून दमलेला कामगार घरी येतो आणि थकलो म्हणतो. बायको फणकाऱ्याने सांगते की मी दिवसभर तापलेल्या चुलीपाशी उभी, आणि तुम्ही मात्र छान गारव्यात गटारात! दुसऱ्या चित्रात गलिच्छ वस्तीतील दोन लहान मुले रात्री आकाशाकडे पाहत आहेत, आणि त्यांतले एक दुसऱ्याला कौतुकाने सांगते की चांदण्या बघ किती, ढेकणांसारख्या दाट. ज्याने गिरणगावातल्या चाळीत उन्हाळ्याची एक रात्र काढली आहे, त्याला या चित्राचे स्पष्टीकरण नको. त्या मुलांना दाटीची दुसरी उपमाच ठाऊक नाही. घरभाडे, मजुरी आणि दाटीवाटी यांवरचे कोष्टक जे सांगते, तेच हे चित्र सांगते, आणि शिवाय मूल चांदण्यांवर खूश आहे हेही सांगते, जे कोष्टकात मावत नाही.

१९१६ साली याच मासिकात चित्रकारांचे बंड झाले. जॉन स्लोन प्रभृतींचे म्हणणे असे की, संपादक आमच्या चित्रांखाली प्रचारकी ओळी चिकटवितात. यंगने संपादकाची बाजू घेतली. या मंडळींना राखेचे डबे आणि स्कर्ट सावरणाऱ्या पोरी यांचीच चित्रे काढावयाची आहेत, असा टोला त्याने मारला. अमेरिकन कलेतील एका संप्रदायाला पुढे ‘राखेचा डबा’ हे जे नाव चिकटले, त्याचे मूळ या थट्टेत आहे. यंगचा मुद्दा समजण्यासारखा आहे. ज्याने एकदा निर्विकारपणे मुखपृष्ठ काढून दिले, त्याला ‘चित्रकाराने मताच्या भानगडीत पडू नये’ हा युक्तिवाद सहन होणे कठीण. परंतु न्याय स्लोनच्याही बाजूला होता. ढेकणांच्या चित्रात एकही घोषणा नाही, आणि यंगच्या भल्यामोठ्या, लेबले डकविलेल्या भांडवलदारांपेक्षा तेच अधिक टिकले.

लेबलांची चित्रेही निष्फळ नव्हती, त्यांचे शत्रू खरे होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या पेंट क्रीक खोऱ्यात १९१२-१३ साली कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. तेथे लष्करी कायदा पुकारला गेला, मदर जोन्स या वृद्ध कार्यकर्तीवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये संपकऱ्यांच्या तंबूंवर चिलखती आगगाडीतून गोळ्या झाडल्या गेल्या. देशाला याची पुरेशी वार्ता मिळत नाही, असा ‘मासेस’चा असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेवर आरोप होता. जुलै १९१३ च्या अंकात यंगने ही संस्था एका माणसाच्या रूपात दाखविली. बातम्यांच्या जलाशयात तो असत्य, पूर्वग्रह, दडपलेली वस्तुस्थिती यांच्या बाटल्या ओतीत आहे आणि खाली शहरे ते पाणी पिणार आहेत. ईस्टमन आणि यंग यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला भरला गेला. तो काही काळ रेंगाळून १९१५ मध्ये मागे घेण्यात आला.

या चित्राचे अर्थशास्त्र विचार करण्याजोगे आहे. शंभर विहिरींपैकी एकीत विष पडले तर गाव वाचते, जलाशय एकच असेल तर वाचत नाही. बातमी मिळविण्याचा खर्च एकदाच करावा लागतो आणि ती हजार पत्रांना पुरविता येते, त्यामुळे या धंद्यात मक्तेदारी आपोआप वाढते. या संस्थेचे सभासद असलेले वृत्तपत्रमालक आपल्या प्रतिस्पर्ध्यांना बाहेर ठेवू शकत. ते नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४५ साली, यंगच्या मृत्यूनंतर. व्यंगचित्रकार तेथे बत्तीस वर्षे आधी पोहोचला होता.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि जूनमध्ये हेरगिरीचा कायदा आला. वीस वर्षांपर्यंत कैदेची त्यात तरतूद होती. टपालखात्याने ‘मासेस’चा ऑगस्टचा अंक अडविला. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी मासिकाच्या बाजूने दिलेला आदेश वरच्या न्यायालयात टिकला नाही. त्यानंतर खात्याने सांगितले की एक अंक टपालातून गेला नाही, अर्थात हे नियतकालिक नियमित नव्हे, म्हणून टपालाची सवलत रद्द! नोकरशाहीच्या विनोदबुद्धीपुढे व्यंगचित्रकारानेही हात टेकावे. वर्षअखेर मासिक बंद पडले. युद्धविरोधी मतांपायी ‘मेट्रोपोलिटन’ मासिकातील वॉशिंग्टनची चित्रे काढण्याचे यंगचे पगारी कामही त्याच वर्षी गेले.

१९१८ च्या एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. यंगविरुद्धचा पुरावा होता एक चित्र : संपादक, भांडवलदार, राजकारणी आणि धर्मोपदेशक बेभान नाचत आहेत आणि वाद्यवृंद सैतान चालवीत आहे. सैतान कशासाठी, असे सरकारी वकिलाने विचारले. युद्ध म्हणजे नरक असे सेनापती शेर्मन म्हणून गेले आहेत, तेव्हा त्यात सैतानच हवा, असे यंगने साधेपणाने सांगितले. पुढे त्याला न्यायालयातच डुलकी लागली. वकिलांनी घाबरून जागे केले आणि हातात पेन्सिल दिली. त्याने खुर्चीत झोपलेल्या स्वतःचेच चित्र काढले आणि खाली लिहिले की आर्ट यंगवर प्राणांतिक खटला चालू आहे. ज्यूरीचे एकमत झाले नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा खटला झाला, पुन्हा एकमत झाले नाही, आणि सरकारने नाद सोडला. शिकागोच्या आठ जणांना १८८६ मध्ये अशी ज्यूरी लाभली नव्हती, हे यंगइतके कोणाला जाणवले असेल?

पुढचा काळ हलाखीचा गेला. मे १९१९ मध्ये त्याने ‘गुड मॉर्निंग’ हे स्वतःचे विनोदी पत्र काढले. बाहेर डाव्यांची धरपकड चालू असताना हे पत्र हसत होते, पण कागदाचे आणि छपाईचे बिल हसून भागत नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये ते बंद पडले. कनेक्टिकटमधील बेथेल येथे त्याचे छोटे घर होते. तेथे आणि न्यूयॉर्कमध्ये, मित्रांच्या मदतीवर आणि मिळेल त्या मानधनावर, तो अखेरपर्यंत चित्रे काढीत राहिला. त्याच्या बोधचिन्हासारखे झालेले एक जुने चित्र या वर्षांत पुन्हा आठवले जाई. त्यात एक लठ्ठ गृहस्थ मेजावरचे सारे संपवून शेवटचे भांडे तोंडाला लावीत मागे रेलला आहे आणि त्याच्या खुर्चीमागे कडा आहे. १९२९ मध्ये खुर्ची कलंडली खरी, परंतु गृहस्थ काही वर्षांत पुन्हा मेजावर येऊन बसला. भांडवलशाहीची लवचिकता यंगने कमी लेखली, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या पिढीतल्या पुष्कळ अर्थशास्त्र्यांनीही ती कमीच लेखली होती, आणि त्यांना चित्र काढता येत नव्हते.

२९ डिसेंबर १९४३ रोजी, सत्याहत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. त्याआधी चार वर्षे, १९३९ साली, त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. तोपर्यंत १८८७ च्या त्या पुस्तकाचे नाव फारसे कोणाच्या स्मरणात नव्हते आणि मुखपृष्ठ कोणी काढले हे शोधायला कोणी गेले नसते. यंगने ती हकिकत स्वतःहून सांगितली. चौघांच्या फाशीला त्याने त्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्या वेळी आपली रेघ कोणाच्या बाजूने होती, तेही त्यात लिहून ठेवले.